शालनबाई आणि पिवळे खेळ

"तीन माणसं, शालनबाई! शनिवारी रिळं तपासताना पूर्ण खेळ बघणारी या टॉकीजमध्ये फक्त तीन माणसं. मी, उमाकांत आणि तुम्ही. मी कुणाला सांगितलं नाही."

"मग उमाकांतला धरा की. माज्यावर का डोळं वटारताय?"

"उमाकांत खेळ सुरू असताना मशीनपासून हलत नाही. हलला तर मशीनमधला कार्बनचा दिवा विझतो आणि पब्लिक खुर्च्या तोडतं."

"आन् म्या लेडीज क्लासच्या दारापासनं हलते व्हय? ओरडा कुटनं उठला? खाली, थर्ड क्लासातनं! तितं बाप्ये बसत्यात."

"तेच तर विचारतोय. खाली बसलेल्या बाप्यांना पियानोवाल्या म्हातारीचं नाव कुणी सांगितलं?"

श्रीविलास टॉकीजचे मॅनेजर नंदकिशोरजी तसे आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. पण त्या रविवारी, सहासष्टच्या डिसेंबरात, त्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती. सकाळच्या खेळाला इंटरव्हलनंतरची तीन मिनिटं झाली नव्हती, पडद्यावर ती पांढऱ्या केसांची म्हातारी पाहुण्यांना नुसता चहा ओतत होती, आणि खालून दीडशे गळ्यांनी एकदम आरोळी दिली होती, "पियानोवाली! पियानोवाली खूनी है!" अजून दोन खून व्हायचे होते. म्हातारीवर कुणाला संशय यावा असं अजून काही घडलंच नव्हतं. पण लोक हसत सुटले. पुढच्या खुनाला तर शिट्ट्या वाजल्या.

"हा तिसरा खेळ," नंदकिशोरजी म्हणाले. "आधी तो दातांचा डॉक्टर. मग घंटा वाजवणारा पाद्री. आता ही. खुनी कळल्यावर दुसऱ्या रविवारी कुत्रं येत नाही. पुढच्या सोमवारी दिल्लीहून वितरकाचा माणूस येतोय. अकरा वाजता. त्याला नाव पाहिजे. मी नाव दिलं नाही, तर तो आपल्याला असले खेळ देणं बंद करणार."

"आन् नाव न्हाई घावलं तर?"

"तर तुमचं देईन."

"द्या!" शालनबाई म्हणाली, आणि जिना उतरून गेली. ठसक्यात उतरली खरी. पण खाली पोचताच तिने पदराच्या गाठीतले पैसे मोजले.

कारण ही नोकरी गेली तर कऱ्हाड होतं. कऱ्हाडला दीर होता, देवराम. शालनचा नवरा हणमंत लष्करात ड्रायव्हर. जयपूरला बदली झाली आणि अठ्ठावन्न साली अजमेर रस्त्यावर ट्रक उलटून गेला. तिला मूलबाळ नव्हतं. ती दिराकडे गेली आणि आठ महिने राहिली. त्या आठ महिन्यांत घरातलं कुणी तिला नावाने हाक मारली नाही. "ए" म्हणायचे. जेवायला शेवटी, उठायला आधी. दिवाळीच्या आदल्या दिवशी जावेने तिची पेटी गोठ्यात नेऊन ठेवली, घरात पाहुण्यांना जागा हवी म्हणून. पाहुणे गेले, पेटी गोठ्यातच राहिली. शालनने पेटी उचलली आणि स्टेशन गाठलं. हणमंतच्या एका सुभेदाराच्या ओळखीने तिला चांदपोल दरवाजाबाहेरच्या या टॉकीजमध्ये काम लागलं: लेडीज क्लासच्या दारावर बॅटरी घेऊन उभं राहायचं. बायकांना खुर्च्या दाखवायच्या, रडणारी पोरं बाहेर काढायची, आणि आत एकही पुरुष येऊ द्यायचा नाही. देवरामचं वर्षातून एक पत्र यायचं. "वहिनी, परक्या मुलखात काय करता? जनावरांना माणूस लागतं, या." त्या पत्राचं ती कधी उत्तर देत नसे.

या कामाला तिच्यासारखी बाई दुसरी मिळाली नसती, कारण शालनबाईचा कुणावरच विश्वास नव्हता. दुधाचा थेंब नखावर ठेवून ओघळतो का बघितल्याशिवाय ती भैयाला भांडं देत नसे. खोलीला कुलूप लावून चार पावलं गेली की परत येऊन कुलूप ओढून बघायची, आणि मग पुन्हा एकदा, आपण बघितलं ते खरंच बघितलं का, म्हणून. एकदा पैज लावून एक जण बायकोचा घागरा-ओढणी नेसून, हातभर घुंगट ओढून लेडीज क्लासमध्ये शिरला. दारावरून तो पार झाला असता. शालनबाईने बॅटरी तोंडावर मारली नाही, पायावर मारली.

"थांबा बाई. पैंजण घातलंय, पर घोट्याला घट्टा न्हाई. काल घातलंत का परवा?"

शालनबाईने घुंगट वर केला, कान धरला, आणि पूर्ण जिनाभर तो कान सोडला नाही. त्या दिवसापासून जोहरी बाजारातल्या घरांतल्या सासवासुद्धा म्हणू लागल्या, श्रीविलासला जायचं तर जा, तिथे ती मराठीण आहे.

पण त्या सगळ्या जणी रविवारी सकाळी कोणता खेळ बघायला येतात, हे सासवांना ठाऊक नव्हतं. निघायच्या त्या गोविंददेवजींच्या दर्शनाला. झांकी, म्हणजे नटवलेल्या देवाचं दर्शन, करायची, प्रसादाचा लाडू पदरात बांधायचा आणि साडेनऊच्या खेळाला यायचं. कुणाबरोबर दीर, कुणाबरोबर भाऊ. ते खाली थर्ड क्लासात बसायचे आणि इंटरव्हलला वर येऊन दाराच्या पडद्याआडून शेंगदाणे द्यायचे. खेळ इटलीतले, बोलणं इंग्रजीत भरलेलं. लेडीज क्लासमध्ये इंग्रजी एकीलाही येत नव्हतं, आणि त्याने काहीच अडत नव्हतं. काळे हातमोजे सगळ्यांना कळायचे. दाराची मूठ हळूहळू फिरायला लागली की चाळीस बायकांचा श्वास एका जागी थांबायचा.

उमाकांत मशीनवाला, मूळचा इंदूरचा, त्याने एकदा शालनबाईला सांगितलं होतं, "तिकडे असल्या खुनाच्या गोष्टींची पुस्तकं पिवळ्या पुठ्ठ्यात विकतात, मावशी. म्हणून त्या गोष्टींना नावच पडलंय पिवळ्या. जाल्लो म्हणतात."

"पिवळ्या कशापायी? रगात तर लाल दिसतंय."

"आता ते इटलीवाल्यांना विचारा."

शालनबाईने इटलीवाल्यांना विचारलं नाही, पण पिवळे खेळ मात्र पोटभर बघितले. दुसऱ्या भुताखेतांच्या खेळांत तिला रस नव्हता. भूत कधी येणार ते वाजंत्री आधीच सांगते. त्यात शंका घ्यायला जागा काय? इथे मात्र सगळेच संशयित. देखणा नवरा, गोड बोलणारी शेजारीण, डॉक्टर, पोलीस. जो तो कुणाला तरी चोरून बघतोय, आणि कॅमेरा त्या चोरून बघणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊन बसलाय. शालनबाईला वाटायचं, हे खेळ कुणीतरी आपल्यासारख्याच माणसाने काढलेत, जो कुलूप दोनदा ओढून बघतो.

आणि बाकीच्या बायका? त्यांना काय मिळत होतं? एका शेठाणीला तिने विचारलं होतं, "मांजीसा, घाबरायला पैसं कशापायी घालवता? आन् वर दुसऱ्या रविवारी परत?"

शेठाणी पानाचा विडा गालात सरकवून म्हणाली होती, "बाई, आमच्या हवेलीत बावीस माणसं. कोण माझ्या मागे काय बोलतं, माझ्या दुधात कोण काय मिसळतं, वीस वर्षं झाली, कळलं नाही. इथे दीड तासात हातमोजे उतरतात."

निशिगंधा पहिल्यांदा आली ती ऑक्टोबरात, दातांच्या डॉक्टरच्या खेळाला. दारातच तिने भिंतीचा आधार घेतला. शालनबाईने बॅटरी पायावर मारली, मग गळ्यावर. काळ्या मण्यांत दोन वाट्या.

"आपल्याकडची व्हय? चक्कर आली का? बस इतं."

"काही नाही काकू. सकाळपासून पोटात काही नाहीये. पाणी द्याल?"

पाण्याचा एक घोट पोटात गेला आणि तिथेच उलटून पडला. शालनबाईने तिची पाठ चोळली, चेहरा नीट बघितला आणि जन्मात पहिल्यांदाच, समोर दिसलं ते खरं धरलं.

"कितवा?"

मुलगी तिच्याकडे बघत राहिली.

"तिसरा," ती म्हणाली.

"आन् असल्या दिसांत खून बगायला आलीस? डोकं फिरलंय? चल, टांगा बोलावते."

"नको ना काकू! मला हाच खेळ बघायचाय. सारखं मनात येतंय. काही खावंसं वाटत नाही, फक्त हे बघावंसं वाटतंय."

"डोहाळं म्हनायचं का काय ह्याला?"

"हो," निशिगंधा म्हणाली. "डोहाळेच लागलेत."

आता यावर काय बोलणार? डोहाळे मोडायचे नसतात. कुणाला माती खावीशी वाटते, कुणाला चांदण्यात बसावंसं. शालनबाईच्या आईने एका बाईला डोहाळे लागले म्हणून शेजाऱ्याच्या झाडाचं कच्चं डाळिंब चोरून आणलं होतं. पण पोटातलं बाळ दचकलं तर? शालनबाईने दोन क्षण विचार केला, आणि तिच्या मते अगदी चोख तोड काढली. ती मुलीच्या कानाशी वाकली.

"हे बग. त्यो दातांचा डॉक्टर हाय ना, चष्मेवाला? त्योच करतोय समदं. तुला ठावं असलं म्हंजे दचकायचं कारण न्हाई. जा, बस. कडंची खुर्ची घे."

मग दर खेपेला तसंच. कडेची खुर्ची निशिगंधाची. इंटरव्हलला बायका तिला चिंचेची गोळी द्यायच्या, पायाखाली स्टूल सरकवायच्या. शेठाणीने एकदा आपली पश्मिन्याची शाल तिच्या पोटावरून लपेटली. आणि खेळ सुरू होण्याआधी शालनबाई कानात नाव सांगायची. एवढ्या साध्या गोष्टीला कुणी नाव फोडणं म्हणतं, हे नंदकिशोरजींशी भांडतानासुद्धा तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ते तर औषध होतं.

तेव्हा तिचा सगळा संशय गेला उमाकांतवर. सोमवारी ती मशीनच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"किती मिळतं रं तुला?"

"कशाचे?"

"नाव फोडायचं."

"मावशी, चहा प्यायलाय ना सकाळचा?"

"वाकडं बोलू नगंस. ह्या भोकातनं समदं हॉल दिसतंय. कागदावर लिवून खाली टाकत असशील."

"आणि थर्ड क्लासवाले अंधारात वाचत असतील! मतलब, काहीही?" उमाकांतने हातातलं रीळ खाली ठेवलं. "मी सांगू मला काय दिसतं या भोकातून? ओरडा कधीच इंटरव्हलच्या आधी होत नाही. तिन्ही खेळांना नंतरच झाला. इंटरव्हलला वरून खाली कोण जातं? दीर-भाऊ. शेंगदाणे देऊन. कुठून येतात ते? तुमच्या दारातून."

"म्हंजे माज्या बायकांपैकी कुनी?"

"मी काही म्हणत नाही. पण तुमच्या बायका शनिवारी खेळ बघत नाहीत. त्यांना कुणी सांगितलं, ते तुम्ही शोधा. मला नका विचारू, मी घाबरट माणूस. हे खेळ दाखवतानासुद्धा मी अर्धा वेळ डोळे मिटून असतो."

शालनबाई रात्री जेवली नाही. निशिगंधाच्या कानात नाव तर तीच घालत होती; तिला आता आपला स्वतःचाच संशय येऊ लागला होता.

रविवारी नवीन खेळ होता. शनिवारी तिने तो बघितला होता. खुनी निघाला होता हॉटेलातला लंगडा सामानवाला, जो लंगडा नव्हताच. निशिगंधा आली, नेहमीसारखी पांढरी पडलेली, शाल लपेटून. शालनबाईने कानात सांगितलं, "सामानवाला. पाय धड हाय त्याचा." आणि अंधार झाल्यावर ती दारात उभी राहिली नाही. मागच्या रांगेत, निशिगंधाच्या बरोबर मागे, जमिनीवर उकिडवी बसली.

पहिला खून झाला. कुजबुज सुरू झाली.

"नवऱ्याने केला."

"नाही गं, नवरा फार वाईट दिसतो. वाईट दिसणारे कधी नसतात."

"ती लाल टोपीवाली?"

मग शेठाणीचा आवाज आला, अगदी आर्जवी. "निसीगंधा बाई, तू सांग. पोटातला लल्ला काय म्हणतो?"

"थांबा हं," निशिगंधा म्हणाली. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले. आजूबाजूच्या सात-आठ जणी वाकल्या. पडद्यावरचं कुणी बघत नव्हतं. "तो म्हणतो, सामानवाला. तो म्हणतो, त्याचा पाय बरा आहे."

"हाय राम!"

"तिन्ही वेळा! तिन्ही वेळा बरोबर सांगितलं बाळाने!"

"पोटातल्या जिवाला सगळं दिसतं, माझी नानी सांगायची."

"मुलगाच आहे. लिहून घ्या."

एकीने निशिगंधाच्या पायाला हात लावला आणि तो हात आपल्या कपाळाला लावला. निशिगंधा हसली. शालनबाईने पडद्याच्या उजेडात तो चेहरा बाजूने बघितला. आजवर तिने ही मुलगी अशी हसताना पाहिली नव्हती.

इंटरव्हलला दीर-भाऊ वर आले, शेंगदाणे दिले, आणि बातमी घेऊन खाली गेले. दहा मिनिटांत आरोळी उठली: "लंगड्या, चल के दिखा!"

खेळ सुटल्यावर शालनबाईने तिला गाठायचा प्रयत्न केला. पण नंदकिशोरजी जिन्यात आडवे उभे होते. "उद्या अकरा," एवढंच ते म्हणाले. तोवर टांगा निघून गेला होता.

सोमवारी सकाळी शालनबाई बनीपार्कला निघाली. घर तिला ठाऊक होतं. एकदा उशीर झाला तेव्हा तिनेच मुलीला पाण्याच्या टाकीपर्यंत सोडलं होतं, आणि ती कोणत्या फाटकात शिरली ते बघूनच परतली होती. वाटेत तिने सगळं ठरवून टाकलं. मुलीला विनवायचं: माझ्याबरोबर ये, नंदकिशोरजींना एवढंच सांग, डोहाळे लागले म्हणून काकूने सांगितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. नंदकिशोरजी चार मुलींचा बाप. पोटुशी बाई समोर उभी राहिली तर तो खुर्ची सोडून उठेल, आणि दिल्लीच्या माणसाला चहा पाजून तोच वाटेला लावील. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

दार सासूने उघडलं. रत्नप्रभाबाई: ताठ, इस्त्रीचं नऊवारी, हातात जपाची माळ. मराठी बोलणं कानावर पडताच त्यांनी आत बोलावलं, पण चप्पल दाराबाहेरच काढा म्हणाल्या. निशिगंधा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आली आणि तिथेच थांबली. तिच्या अंगावर आज शाल नव्हती.

"कोणत्या कामाला आलात?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"काम असं न्हाई. सूनबाईंची तब्येत बगायला आले."

"तिच्या तब्येतीला काय धाड भरलीय?"

"न्हाई, म्हटलं, असल्या दिसांत…"

"कसल्या दिवसांत?"

निशिगंधाने दाराची चौकट धरली. तिचा पदर कमरेला खोचलेला होता. शालनबाईने बघितलं. ऑक्टोबरात तिसरा, म्हणजे आता पाचवा सरत आलेला. तिथे काहीही नव्हतं. सपाट, वाळकं पोट, सहावारीच्या निऱ्यांखाली.

"थंडीच्या दिसांत," शालनबाई म्हणाली. "खोकला व्हता तिला."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"देवळात भेटतो आमी. रविवारी."

"अस्सं." रत्नप्रभाबाईंनी माळ टेबलावर ठेवली. "बरं झालं तुम्ही आलात. अहो, सहा वर्षं झाली लग्नाला, घरात पाळणा नाही. मीच हिला अकरा रविवार बोलायला सांगितले. निर्जळी उपास, झांकी बघितल्याशिवाय पाणीसुद्धा नाही. हा कालचा नववा झाला. देव ऐकेना. मी म्हणते, देवापर्यंत जातंय कोण? टांगेवाला म्हणतो, चांदपोलला सोडतो. हिच्या नवऱ्याला, विलासला, सांगितलं तर तो म्हणतो, आई, तू फार संशयी आहेस."

"सासूबाई, काकूंना कामं असतील…" निशिगंधा म्हणाली.

"तू गप्प. चहा टाक." ती हलली नाही. रत्नप्रभाबाई शालनबाईच्या समोर येऊन बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. "एकच सांगा. काल गोविंददेवजींचा पोशाख कोणत्या रंगाचा होता? हिला मी विचारलं, हिने सांगितलाय. शेजारच्या माथुरबाई काल गेल्या होत्या, त्यांनाही विचारलाय. आता तुम्ही सांगा. तुम्ही होतात ना तिथे?"

शालनबाईने निशिगंधाकडे बघितलं. निशिगंधाच्या ओठांना कसलाही आकार नव्हता. ती खुणावत नव्हती, विनवत नव्हती. फक्त बघत होती, उंबऱ्याच्या आत उभी राहून, जशी अंधारात कडेच्या खुर्चीवरून बघायची.

खरं बोललं असतं तर सगळं एका वाक्यात संपत होतं. मी श्रीविलास टॉकीजच्या दारावरची बाई, ही दर रविवारी तिथे असते. त्या वाक्यानंतर रत्नप्रभाबाई स्वतः सुनेला हाताला धरून अकराच्या आत नंदकिशोरजींपुढे उभं करणार होत्या. आणि अंदाजाने सांगितलेला रंग चुकला, तरी मुलगी पकडली जाणार होती.

"बोला ना," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "रंग तर सांगायचाय. लाल? केशरी? हिरवा? कोण आहात तुम्ही? कुठे भेटते ही तुम्हाला?"

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

शालनबाई उठली. पदर सारखा केला. रत्नप्रभाबाई "अहो बाई, मी काय विचारतेय!" म्हणत मागे आल्या, फाटकापर्यंत आल्या. शालनबाईने चप्पल हातातच घेतली होती. ती पाण्याच्या टाकीवरून चांदपोलकडे वळली आणि चालत राहिली. अकरा वाजता द्यायला आता एकच नाव उरलं होतं, तिचं स्वतःचं.